पहिल्या धारेतली पिशवी

सांडूला लग्नाकार्यात बोलावणं लोकांनी हळूहळू बंद केलं, त्याचं कारण पित्ताशय.

आमच्याकडं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं की डॉक्टर आतले खडे धुऊन एका छोट्या बाटलीत घालून देतात. ती बाटली घरच्या शोकेसमध्ये, पोराच्या कबड्डीच्या ढालीशेजारी जाऊन बसते. पाहुणा आला की चहाच्या आधी बाटली येते. "एकशे तेरा निघाले," असं घरधनी सांगतो, ते त्याच्या कर्तबगारीनंच निघाले असावेत अशा आवाजात. पाहुणे बाटली हलवून बघतात, खडखड ऐकतात आणि खूश होतात. सांडू बाटलीकडं ढुंकूनही बघायचा नाही. तो विचारायचा, "पिशवी कुठंय?"

"कोणती पिशवी?"

"खडे ज्यात व्हते ती. पित्ताची पिशवी. लॅबमदी तपासायला दिली का फेकली?"

फेकलेलीच असायची. मग सांडू भर पंगतीत, हातातली जिलबी तशीच धरून, समजावून सांगायचा की अशा पुष्कळ पिशव्यांत एखादी निघते, जिच्या भिंतीत कॅन्सर गुपचूप बसलेला असतो. वरून काही दिसत नाही. पिशवी फेकली की कळायचा मार्ग गेला. ज्याच्या घरचं लग्न असे, त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. शेजारचे चार जण जेवण अर्धवट टाकून उठायचे.

मी अनंतराव. शहरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात, पॅथॉलॉजी विभागात, एकतीस वर्षं रिपोर्ट टाइप केले. आमच्या घराण्यात आधी भिक्षुकी, मग निजामाच्या कचेरीत कारकुनी, आणि शेवटी मी, लोकांच्या आतड्यांची वर्णनं टाइप करणारा. याला प्रगती म्हणायचं की कसं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. सांडू त्याच विभागात तंत्रज्ञ होता. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा त्याच्याकडं यायचा. तो त्याला फॉर्मॅलीनमध्ये मुरवायचा, मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्रावर केसाहून पातळ चकती काढायचा, काचेच्या पट्टीवर चढवायचा आणि रंगवायचा. मग डॉक्टर लोक सूक्ष्मदर्शकात डोळा घालून "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"बद्दल त्यांचं नाव व्हायचं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पहिली दोन वर्षं मी सांडूनं आणलेला चहा घेतला नाही. त्याच्या हाताला फॉर्मॅलीनचा वास येतो, असं सांगायचो. खरं कारण त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तिसऱ्या वर्षी त्यानं साबणानं हात धुतले, माझ्या नाकाखाली धरले आणि विचारलं, "आता कशाचा वास येतो, अनंतराव?" मी मुकाट्यानं कप उचलला. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

सांडू खोटं बोलत नसे. हा सद्गुण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशा माणसाशेजारी नोकरी करून बघावी. नवा असताना एकदा त्याच्या हातून दोन वड्यांचे नंबर बदलले. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. हा स्वतः जाऊन विभागप्रमुखांना सांगून आला, मेमो घेऊन आला आणि तो मेमो माझ्याकडून टाइप करून घेतला. त्या दिवसापासून प्रत्येक काचेवरचा नंबर तो तीनदा मोठ्यानं वाचायचा. "नंबर चुकला का माणूस चुकला," असं म्हणायचा. माझं टायपिंग त्या घोकंपट्टीच्या तालावर चालायचं.

तर तेरा सालचा उन्हाळा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. नळाला पाणी कधी येईल हे विचारायचं नसतं, इतपत समज लोकांना आलेली होती. पाचोडकडं मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळून सरपणाला निघाल्या होत्या. सांडू फुलंब्रीहून रोज मोटारसायकलनं यायचा. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी प्लॉटच्या पाट्या उगवल्या होत्या आणि त्यातल्या एका पाटीवर जलतरण तलावाचं चित्र होतं. सांडू त्या पाटीला रोज हात जोडायचा. "विहिरीत गाळ, पाटीवर पाणी," म्हणायचा. आमच्या लॅबला काचा धुवायला वाहतं पाणी लागतं, आणि लॅबचा नळ नुसता फुसफुसायचा. एकदा विभागप्रमुखांची गाडी धुवायला आणलेल्या दोन बादल्या सांडूनं सरळ उचलून आत नेल्या. सर खाली आले तेव्हा गाडी अर्धीच धुतलेली होती, आणि तिचा रंग पंधरा दिवस तसाच दोन तऱ्हेचा राहिला.

त्याच वर्षी डॉक्टर चारुता थिसिससाठी विषय घेऊन आल्या. दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, हुशार मुलगी, पण कायम उपाशी असल्यासारखी दिसायची. विषय होता पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये रक्तवाहिन्या वाढवणारे घटक. सांडूला त्यांनी समजावलं ते मी शेजारी बसून ऐकलं. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असते तोवर आजूबाजूच्या रक्तावर भागवते. पुढं वाढायचं तर तिला पुरत नाही. मग ती एक रसायन सोडते. ते आसपासच्या रक्तवाहिन्यांना जाऊन लागलं की त्यांना फांद्या फुटतात आणि त्या गाठीकडं वळतात. हे रसायन काचेवर तपकिरी दिसेल असा रंग मिळतो. कोणाची गाठ किती तपकिरी, आणि ते माणूस पुढं किती दिवस काढतं, यांचा काही मेळ लागतो का, ते बघायचं.

"म्हंजे मॅडम, रंग बघून मरण सांगायचं?" सांडूनं विचारलं.

"नाही हो. एका काचेवरून काहीच सांगता येत नाही. साठ काचा मिळून कदाचित थोडंसं सांगतील."

"थोडंसंच?"

"थिसिस आहे सांडूभाऊ, भविष्य नाही."

साठ पिशव्या जमवायचं काम अर्थातच सांडूच्या गळ्यात पडलं. त्याला तर तेच हवं होतं. फॉर्मॅलीनचे डबे मोटारसायकलला लटकवून तो शहरभरातल्या लहानसहान दवाखान्यांत फिरायचा. काही डॉक्टर त्याला बघून मागच्या दारानं जात. सहा महिन्यांत त्यानं साठ नंबर पुरे केले. काही खड्यांच्या साध्या पिशव्या, काही कॅन्सरच्या. त्यात सदतीस नंबर सगळ्यांच्या लक्षात राहिला. देवगाव रंगारीच्या एका मास्तरांची गाठ होती ती. काच रंगवून झाली तेव्हा जास्त उकळलेल्या चहासारखी गडद तपकिरी निघाली. चारुता मॅडम खूश झाल्या, आणि मग खूश झाल्याबद्दल स्वतःवरच चिडल्या. मास्तर दिवाळीच्या आधीच गेले.

आता कडूबाई. सांडूची थोरली बहीण. या दोघांच्या आधी घरात तीन मुलं दगावली होती, म्हणून तिचं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घेतली तरी थुंकून टाकावी म्हणून. सांडूला तर जन्मल्यावर उकिरड्यावर टाकून परत उचलून आणलं होतं, म्हणून तो सांडू. धम्मदीक्षेनंतर देव घरातून केव्हाच गेले होते, पण नाव ठेवताना आजीनं जोखीम घेतली नाही. सांडू चार वर्षांचा असताना आई गेली. कडूबाई तेव्हा चौदाची. तिचं लग्न पाचोडच्या बन्सीशी झालं, आणि ती सासरी जाताना भावाला कडेवर घेऊनच गेली. "लोकाला सायकल मिळती, मला मेव्हणा मिळाला," असं बन्सी अजून सांगतो. तिनं बाजारात सुकट विकून या मेव्हण्याला बारावी केलं. तिला अक्षर ओळखू येत नाही. आकडे मात्र वजनकाट्यापासून मोबाइलपर्यंत सगळे पाठ.

एका सोमवारी सांडू लॅबमध्ये आला तो तोंड पाडून. काल पाचोडला गेला होता. आक्कानं त्याच्यापुढं चहाच्या आधी बाटली ठेवली.

तिचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. कुठल्याशा छोट्या दवाखान्यात, सांडूला न सांगता. सांडूनं विचारलं, का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं का तू मपली पिशवी काचंवर लावली असती अन् समद्या डाक्टरांला दाखवली असती. माझ्या पोटातलं लोकानी का बघावं?"

"पिशवी कुठंय, आक्का?"

इथं बन्सीनं खाकरून घसा साफ केला. दवाखान्यात डॉक्टरनं त्याला ट्रेमध्ये चिरलेली पिशवी दाखवली होती. खडे बाटलीत भरले आणि पिशवी टाकायला निघाले, तेव्हा बन्सी आडवा आला. मेव्हण्याचं पंगतीतलं कीर्तन त्यानं वर्षभर ऐकलेलं होतं. पिशवी फेकायची नाही, औषधात ठेवायची, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. दवाखान्यानं पिशवी कॅरीबॅगमध्ये घालून दिली, औषध काही दिलं नाही. घरी येईपर्यंत उन्हानं वास सुटायला लागला. मग बन्सीनं डोकं चालवलं. लोणच्याची काचेची बरणी धुतली, तीत पिशवी टाकली आणि वरून आपल्या कोट्यातली हातभट्टीची ओतली.

"दारू?" सांडू ओरडला.

"साधी नाय, पयल्या धारेची," बन्सी दुखावून म्हणाला. "काडी लावली का पेटती. माझे तीन दिस कोरडे गेले, त्याचं कोणाला काय?"

सांडूनं दाजीला तिथंच फैलावर घेतलं. फॉर्मॅलीन कुठं, हातभट्टी कुठं, सगळा नाश केला, आता त्यात काय दिसणार. बरणीवर थिसिसची चिठ्ठी चिकटवली, नंबर लिहिला आणि सवयीनं तीनदा मोठ्यानं वाचला: एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट. "आक्का, आता तू एकसष्ट," म्हणाला. बन्सी त्या दिवसापासून बायकोला त्याच नावानं हाक मारायला लागला.

बरणी उघडली तेव्हा लॅबमध्ये शिमग्याचा वास सुटला. विभागप्रमुख दारातून विचारून गेले, कोण प्यायलंय. चारुता मॅडमनी पिशवी हातात घेतली, दाबून बघितली, कडा तपासल्या. म्हणाल्या, "सांडूभाऊ, दाजींना सांगा, छान टिकलंय. अल्कोहोलमध्येही ऊती टिकतात. पूर्वी लोक असंच करायचे." सांडूनं दाजीला दिलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या, असं तो नंतर म्हणाला. बन्सीसमोर मात्र कबूल केलं नाही.

तो बुधवार होता. सांडूनं चकती काढली, रंगवली आणि काच मॅडमकडं दिली. मॅडमनी काच दोनदा काढून पुन्हा लावून बघितली. मग त्यांनी खुर्ची सांडूकडं वळवली. रिपोर्ट मला टाइप करायचा होता, म्हणून मला शब्द पाठ आहेत. पित्ताशयाच्या भिंतीत कर्करोग, स्नायूच्या थरापर्यंत. बाहेर गेलेला नाही.

सर्जन म्हणाले, वेळेत सापडलंय, पण पुन्हा पोट उघडायला हवं. पिशवी जिथं चिकटलेली होती तो यकृताचा पातळ तुकडा आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढायच्या. मग पुष्कळ आशा आहे. नाही काढलं तर सांगता येत नाही.

कडूबाई म्हणाली, "नाय."

का नाही? दुखत नाही. जेवण जातं. बाजार बुडतो. एकदा काढलंय ते काढलंय. सर्जननी समजावलं, चारुता मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं, माझ्यासारख्यानं चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. ती सगळ्यांना नमस्कार करायची आणि नाही म्हणायची. सांडू हिवाळाभर दर रविवारी पाचोडला जाऊन भांडायचा, नाही, हिवाळाभर कसला, तीन आठवडे. मला तो सगळा हिवाळा वाटला. त्याचं वजन उतरलं. नंबर तीनदा वाचायचा तो चारदा वाचायला लागला. एकदा मेणाचं भांडं समोर ठेवून नुसताच बसला होता. मी म्हटलं, "अरे, ऐकेल ती." तो म्हणाला, "अनंतराव, मला त्या बाईनं कडेवर नेलंय. मी तिला एका ऑपरेशनला नेऊ शकत नाय?" आणि रडला. मी उठून दार लावून घेतलं.

त्यानं तिच्या वडीची आणखी एक चकती काढून तो तपकिरी रंग चढवला. मॅडमच्या थिसिसमध्ये ती काच धरली जाणार नव्हती, कारण साठ पिशव्या फॉर्मॅलीनच्या आणि ही हातभट्टीची. दोन्हींना एका रांगेत बसवता येत नाही. तरी त्यानं रंगवली. डोळ्यांनी बघितलं तर आक्का ऐकेल, असं त्याच्या डोक्यात होतं. काच निघाली ती फिकी. पाणी घातलेल्या दुधासारखी. मॅडम म्हणाल्या, "फिकी निघाली म्हणजे गाठ निरुपद्रवी असं नाही हं. रंग काहीही असो, ऑपरेशन हवंच. ते खोलीवरून ठरलंय." हे सांडूला कळत होतं. पण फिकी काच दाखवली की आक्का काय म्हणणार, हेही त्याला कळत होतं.

चौथ्या आठवड्यात, शुक्रवारी, टाक्यांची जागा दाखवायला ती आणि बन्सी आले. मॅडम लेक्चरला गेल्या होत्या. सांडूनं आक्काला दोन जणांना एकदम बघता येतं त्या सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं, पदर नीट करायला लावला आणि ट्रेमधली काच उचलून खाली सरकवली. मी शेजारच्या टेबलावर होतो. या वेळी त्यानं नंबर वाचला नाही, म्हणून मी मान वर करून बघितलं. एकसष्ट ट्रेमध्येच होती. काचेवर नंबर होता सदतीस.

"ही तुझी गाठ, आक्का," सांडू म्हणाला. त्याचा आवाज अगदी सरळ होता.

कडूबाईनं एक डोळा मिटून दुसरा लावला. "चहावानी दिसायलंय."

"ते तपकिरी दिसतंय ना, ते हिचं बोलावणं हाय. हिला तहान लागली का ही असं सोडती. मंग चारी बाजूंनी रक्ताच्या नळ्या हिच्याकडं येत्यात. त्या बारीक बारीक रेघा बघ."

ती बराच वेळ बघत राहिली. मग डोळा न काढताच म्हणाली, "म्हंजे ही बी औरंगाबादच हाय म्हणा."

"कशी?"

"धरण आमच्या उशाला, अन् पाइप इकडं. आमच्या मोसंब्या वाळल्या अन् हितं फवारे उडायलेत. जेवढं मिळंल तेवढी वाढती, अन् वाढली का आणिक मागती."

बन्सी म्हणाला, "मंग काढून टाक की. औरंगाबाद काय आपल्याला निघत नाय, पण हे निघतंय तर काढ."

तिनं डोळा काढला, काचेकडं बघितलं, सांडूकडं बघितलं. "व्हय," म्हणाली. "करा काय करायचं ते."

सांडूनं काच पुसून जागेवर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. मी टाइप करायला लागलो. मी कारकून माणूस. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं. यकृताचा तुकडा आणि सगळ्या ग्रंथी आमच्याकडंच आल्या, या वेळी रीतसर फॉर्मॅलीनमध्ये. सांडूनं रात्रंदिवस एक करून काचा काढल्या. सगळ्या स्वच्छ. तो रिपोर्ट मी तीन प्रतींत टाइप केला, गरज एकीचीच होती. बन्सीनं बरणी परत मागितली, आणि आतल्या दारूचं काय केलं याचीही चौकशी केली. चारुता मॅडमचा थिसिस मंजूर झाला. त्यांना आढळलं की पुढं गेलेल्या गाठी जास्त तपकिरी असतात असं वाटतं, पण नक्की सांगता येत नाही आणि अधिक अभ्यासाची गरज आहे. प्रत्येक थिसिसला शेवटी अधिक अभ्यासाची गरज असते. मी एकतीस वर्षं ते वाक्य टाइप केलं आणि अभ्यास करायला परत कुणी आलेलं बघितलं नाही. ही मुलगी निदान रडली तरी होती, मास्तर गेले तेव्हा.

कडूबाई तपासणीला यायची. दरवेळी सुकटीचं गाठोडं आणायची, आणि लॅबला दोन दिवस वेगळाच वास यायचा. मी शाकाहारी, मला म्हणायची, "अजून बी येळ गेली नाय, अनंतराव." पाच वर्षं झाली. अठरा साल, पुन्हा पावसानं दगा दिलेला, पुन्हा टँकर. सर्जननी सांगितलं, आता सहा महिन्यांनी यायची गरज नाही, वर्षानं या. ती खाली लॅबमध्ये आली, स्टुलावर बसली, गाठोडं ठेवलं. सांडू चहा सांगायला निघाला होता.

"सांडू," ती म्हणाली, "ते सदतीस नंबरचं माणूस व्हतं, ते जगलं का रं?"

सांडू दारातच थांबला. मी डोळे कीबोर्डवर ठेवले.

"नाय, आक्का," तो म्हणाला. "मास्तर व्हते. तुला दाखवायच्या आधीच गेले व्हते."

तिनं मान हलवली. "मला वाटलंच."

"तुला ठावं व्हतं?"

"तूच बरणीवर तीनदा वाचला व्हता का, एकसष्ट. अन् काच माझ्या डोळ्याम्होरं. आकडा कळत नाय व्हय मला?"

"मंग तव्हा बोलली का नाय? अन् आप्रेशनला गेली कशी?"

कडूबाईनं गाठोड्याची गाठ सोडली आणि सुकट कागदावर काढायला लागली.

"समदे डाक्टर खरं सांगत व्हते, ते मला पटंना," ती म्हणाली. "पर तू जलमात पयल्यांदा माझ्याशी खोटं बोलला. म्हणलं, आता लईच वंगाळ दिसतंय."